मित्र ताऱ्याचे तीन सूर्य आणि वासयोग्य ग्रहाचा हिशेब

सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी म्हणजे नरतुरंग तारकासमूहातला ‘मित्र’, अर्थात अल्फा सेंटॉरी. नुसत्या डोळ्यांना एकच दिसणारा हा तारा प्रत्यक्षात तीन ताऱ्यांचा गट आहे. त्यातल्या सर्वांत लहान ताऱ्याभोवती, प्रॉक्सिमाभोवती, ग्रह सापडले आहेत आणि त्यांतला एक ‘वासयोग्य पट्ट्यात’ आहे, ही बातमी २०१६ पासून अधूनमधून नव्याने फिरते. गंमत अशी की तिघांपैकी जीवसृष्टीला सर्वांत गैरसोयीचा तारा तोच. ज्या दोन ताऱ्यांकडून खरी आशा धरावी, त्यांच्याभोवतीचा ग्रह शोधणे मात्र फार अवघड. असे का, हे कळायला ताऱ्याची ऊब, शेजारच्या ताऱ्याची ओढाताण, ग्रह घडण्यातल्या अडचणी आणि आपल्या मोजमापाची मर्यादा, असा सगळाच हिशेब मांडावा लागतो.

तिघांची मांडणी

मोठे दोन तारे ‘ए’ आणि ‘बी’ या नावांनी ओळखले जातात. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने दिलेली त्यांची अधिकृत नावे रिगिल केंटॉरस आणि टोलिमान. पण अभ्यासक बोलताना ए आणि बी असेच म्हणतात, इथेही तेच वापरू. ए सूर्याच्याच जातीचा पिवळा तारा: वस्तुमान सूर्याच्या १.०८ पट, तेज साधारण दीडपट. बी किंचित नारिंगी: वस्तुमान ०.९१ पट, तेज अर्धे. दोघे आपल्यापासून सुमारे ४.३५ प्रकाशवर्षांवर आहेत. वय सूर्याइतके किंवा थोडे जास्त, सुमारे ५ अब्ज वर्षे. लोह, सिलिकॉन यांसारखी जड मूलद्रव्ये दोघांमध्ये सूर्यापेक्षा जास्त आहेत. खडकाळ ग्रहांना लागणारा कच्चा माल हाच, त्यामुळे सुरुवात चांगली.

ए आणि बी एकमेकांभोवती सुमारे ८० वर्षांत एक फेरी घेतात. ही कक्षा गोल नाही, चांगलीच लांबट आहे. तिची विकेंद्रता, म्हणजे लांबटपणाचे माप (पूर्ण गोल कक्षेत ते शून्य), ०.५२. पृथ्वी आणि सूर्य यांच्यातले सरासरी अंतर म्हणजे एक खगोलीय एकक धरले, तर ए आणि बी यांच्यातले अंतर ११ एककांपासून ३६ एककांपर्यंत बदलत राहते. आपल्या सूर्यमालेच्या भाषेत, दुसरा सूर्य कधी शनीच्या थोडा पलीकडे, तर कधी नेपच्यूनच्याही पुढे. मागच्या वेळी ते सर्वांत जवळ आले १९५५ मध्ये, पुढची वेळ २०३५ ची. ११ हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढचे बरेच काही त्यावर अवलंबून आहे.

तिसरा प्रॉक्सिमा. हा लाल बटू तारा: वस्तुमान सूर्याच्या ०.१२ पट आणि एकूण तेज सूर्याच्या सहाशेव्या भागाहून थोडे कमी. रॉबर्ट इनेस यांनी १९१५ मध्ये जोहान्सबर्गच्या वेधशाळेतून तो शोधला. अंतर ४.२५ प्रकाशवर्षे, म्हणजे आज सूर्याला सर्वांत जवळचा तारा हाच. ए-बी जोडीपासून तो तब्बल १३,००० एककांवर आहे. इतक्या दूरचा तारा जोडीला बांधलेला आहे की नुसता शेजारून चालला आहे, यावर एक शतक वाद होता. २०१७ मध्ये पिएर केर्वेला आणि सहकाऱ्यांनी तिन्ही ताऱ्यांचे वेग अचूक मोजून दाखवले की तो बांधलेलाच आहे आणि एका फेरीला त्याला सुमारे साडेपाच लाख वर्षे लागतात. ग्रहांच्या दृष्टीने याचा अर्थ इतकाच की प्रॉक्सिमाचे ग्रह आणि ए-बी चे ग्रह यांचा एकमेकांशी रोजचा काही संबंध नाही. ए भोवतीच्या एखाद्या ग्रहावरून पाहिले तर प्रॉक्सिमा साडेचार प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाची मोजपट्टी; आकडा जितका मोठा तितका तारा मंद), जेमतेम दिसणारा एक साधा तारा असेल.

भारताचा एक धागा यात आहे. मित्र हा एक नसून दोन तारे आहेत, हे प्रथम दिसले ते पुदुच्चेरीतून. जाँ रिशो या जेझुइट धर्मगुरूने डिसेंबर १६८९ मध्ये तिथून धूमकेतू पाहताना दुर्बीण या ताऱ्याकडे वळवली आणि त्याला एकाच्या जागी दोन ठिपके दिसले.

पट्टा कसा काढतात

‘वासयोग्य पट्टा’ या शब्दाने बराच घोटाळा होतो. त्याचा अर्थ एवढाच: पृथ्वीसारखे वातावरण असलेला खडकाळ ग्रह त्या अंतरावर ठेवला, तर पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात राहू शकेल. ग्रहाला वातावरण आहे का, पाणी आहे का, याबद्दल हा शब्द काहीच सांगत नाही. हे अंतराचे गणित आहे आणि ते कोणालाही करता येते.

ताऱ्याचे तेज सूर्याच्या पटीत घ्या आणि त्याचे वर्गमूळ काढा. पृथ्वीला मिळते तितकीच ऊब ज्या अंतरावर मिळेल, ते अंतर खगोलीय एककांत हाती येते. ए साठी १.५ चे वर्गमूळ सुमारे १.२३. बी साठी ०.५ चे वर्गमूळ ०.७१. आपल्या सूर्यासाठी पट्ट्याची आतली कड सुमारे ०.९५ आणि बाहेरची १.७ च्या आसपास धरतात. त्याच प्रमाणात गुणले की ए चा पट्टा साधारण १.२ ते २.१ एकक आणि बी चा ०.७ ते १.२ एकक निघतो. अशा ग्रहाचे वर्ष किती मोठे, हेही केप्लरच्या नियमावरून लगेच कळते: ए भोवती १.२३ एककांवर सुमारे ४८० दिवस, बी भोवती ०.७१ वर सुमारे २३० दिवस. प्रॉक्सिमासाठी तेज ०.००१५५ धरले की वर्गमूळ ०.०३९ येते. लाल बटूंचा प्रकाश बहुतांश अवरक्त असतो आणि पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइड तो जास्त शोषतात, म्हणून तिथे थोडी दुरुस्ती करावी लागते. पट्टा सुमारे ०.०४ ते ०.०८ एकक असा येतो. बुध सूर्यापासून ०.३९ एककांवर आहे, हे आठवले की प्रॉक्सिमाचा ग्रह ताऱ्याला किती चिकटून फिरत असेल याचा अंदाज येतो.

दोन सूर्य असल्यावर ग्रह भाजून निघेल, असे अनेकांना वाटते. आकडे वेगळेच सांगतात. ए भोवतीच्या ग्रहाजवळ बी जास्तीत जास्त १० एककांपर्यंत येईल. त्याचे तेज ०.५, भागिले अंतराचा वर्ग, म्हणजे १००, उत्तर ०.००५. पृथ्वीला सूर्याकडून मिळते त्याच्या अर्धा टक्का, तोही ८० वर्षांत थोडाच काळ. एरवी ते ०.०४ टक्क्यांपर्यंत उतरते. उलट बाजूने, बी च्या ग्रहाला ए कडून जास्तीत जास्त दीड टक्क्याच्या आत. हवामानात यामुळे थोडा चढउतार होईल, पण ग्रह राहण्याजोगा आहे की नाही हे त्यावर ठरणार नाही. रात्रीचे मात्र चित्र बदलेल. ए च्या ग्रहावरून बी हा आपल्या पौर्णिमेच्या चंद्राच्या दीडशे ते दीड हजार पट तेजस्वी दिसेल. वर्षातले काही महिने तो दिवसा आकाशात असेल आणि काही महिने रात्री, त्यामुळे त्या ग्रहावर खरा अंधार ठरावीक ऋतूतच. तिथे प्राणी असलेच तर निशाचरांची पंचाईत.

ओढाताण: कक्षा कुठपर्यंत टिकते

ऊब हा प्रश्न नसेल, तर गुरुत्वाकर्षण आहे. ए भोवती फिरणाऱ्या ग्रहाला बी दर ८० वर्षांनी जवळ येऊन हिसका देतो. ग्रह ए च्या पुरेसा जवळ असेल तर हिसके किरकोळ ठरतात. एका मर्यादेपलीकडे मात्र ते साचत जातात, कक्षा लांबट होत जाते आणि शेवटी ग्रह ताऱ्यावर आदळतो किंवा बाहेर फेकला जातो. ही मर्यादा मॅथ्यू होल्मन आणि पॉल विगर्ट यांनी १९९९ मध्ये संगणकावर हजारो कक्षा चालवून एका सूत्रात बसवली. सूत्रात तीनच गोष्टी लागतात: दोन ताऱ्यांमधले सरासरी अंतर, विकेंद्रता आणि वस्तुमानांचे गुणोत्तर. सरासरी अंतर २३.४ एकक, विकेंद्रता ०.५२ आणि वर दिलेली वस्तुमाने घातली की ए साठी मर्यादा सुमारे २.८ एकक आणि बी साठी सुमारे २.५ एकक येते.

दोन्ही आकडे पट्ट्यांच्या बाहेर आहेत. ए चा पट्टा २.१ ला संपतो, कक्षा २.८ पर्यंत टिकतात. तिथे मोकळी जागा थोडीच. बी चा पट्टा १.२ ला संपतो आणि मर्यादा २.५, इथे दुप्पट जागा. तिघांमध्ये बी ला झुकते माप देण्याचे हे पहिले कारण.

याला एक अट आहे. ग्रहाची कक्षा ताऱ्यांच्या कक्षेच्या पातळीशी फार तिरकी असू नये. सुमारे ४० अंशांपेक्षा जास्त कलली की दुसरा तारा तिच्यात एक संथ हेलकावा सुरू करतो: कल कमी होतो तेव्हा विकेंद्रता वाढते, आणि पुन्हा उलट. या आवर्तनाला कोझाई परिणाम म्हणतात. काटकोनाच्या जवळपास कललेली कक्षा तर टिकतच नाही.

ए आणि बी या दोघांभोवती मिळून फिरणारा ग्रहही गणितात बसतो, पण त्याला निदान ८० एकक दूर राहावे लागेल. तिथे तापमान शून्याखाली २३० अंशांच्या आसपास. चित्रांत दाखवतात तसा दोन्ही ताऱ्यांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरणारा ग्रह मात्र इथे टिकणारच नाही.

टिकणे वेगळे, घडणे वेगळे

कक्षा अब्जावधी वर्षे टिकते, एवढ्यावर तिथे ग्रह आहे असे म्हणता येत नाही. तो आधी घडायला हवा, आणि जोडताऱ्यांच्या बाबतीत खरा अडथळा इथे येतो.

ग्रह घडतो तो नवजात ताऱ्याभोवतीच्या वायू-धुळीच्या चकतीतून. धुळीचे कण चिकटून खडे, खड्यांचे किलोमीटरभर आकाराचे दगड, दगडांचे चंद्राएवढे गोळे आणि गोळ्यांच्या टकरींतून ग्रह. यातला मधला टप्पा नाजूक. दोन दगड सावकाश भेटले तर एकत्र येतात. ताशी शेकडो किलोमीटर वेगाने भेटले तर चुरा होतो. शेजारचा तारा या दगडांच्या कक्षा लांबट करतो. चकतीतला वायू त्या पुन्हा सारख्या करू पाहतो, पण लहान दगडांवर वायूचा जोर जास्त आणि मोठ्यांवर कमी, त्यामुळे वेगवेगळ्या आकारांचे दगड वेगवेगळ्या दिशांनी कललेल्या कक्षांत जातात आणि एकमेकांना जोरात आदळतात. फिलिप थेबो आणि सहकाऱ्यांच्या गणितांत ए आणि बी दोघांच्याही पट्ट्यांत हीच अडचण दिसली. उलट, चंद्राएवढे गोळे आधीच तयार आहेत असे धरून पुढचे गणित चालवले, तर दोघांभोवतीही पृथ्वीच्या आकाराचे ग्रह सहज घडतात. एलिसा क्विंटाना यांच्या गटाने हे २००२ मध्ये दाखवले. म्हणजे शेवट सोपा; अडकते ते मध्ये.

अडचण आणखी एक आहे. बी च्या ओढीने ए ची चकती तीनेक एककांच्या आतच छाटली गेली असणार. आपल्याकडे पाणी असलेले लघुग्रह ज्या थंड भागात तयार झाले, तो भाग तिथे फारसा उरलाच नसेल. ग्रह घडला तरी कोरडा राहण्याची शक्यता धरून चालावे लागते.

पण निसर्ग आपल्या गणितांना फारसा जुमानत नाही. गॅमा सेफी या जोडताऱ्यात दोन ताऱ्यांमधले सरासरी अंतर २० एककांच्या आसपास आहे, जवळपास इथल्यासारखेच. तरी मोठ्या ताऱ्याभोवती दोन एककांवर गुरूपेक्षा जड ग्रह फिरतो आहे. चकतीतून खडे थेट ढिगाऱ्याने कोसळून मोठे गोळे होत असतील, किंवा ए आणि बी जन्मावेळी एकमेकांपासून आणखी लांब असतील. दोन्ही शक्यता खुल्या आहेत.

प्रॉक्सिमाचे ग्रह

प्रॉक्सिमाला शेजाऱ्याचा त्रास नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये गिलेम अँग्लादा-एस्कुदे यांच्या गटाने तिथला ‘प्रॉक्सिमा बी’ हा ग्रह जाहीर केला. हा ‘बी’ आणि ‘बी’ तारा एक नव्हेत. ग्रहांना लहान लिपीतले अक्षर देतात, मराठीत लिहिताना तो फरक बुजतो. पद्धत अशी: ग्रह ताऱ्याला हलकेच ओढतो, तारा किंचित पुढेमागे होतो आणि त्याच्या वर्णपटातल्या रेषा तितक्याच सरकतात. चिलीतल्या ला सिया वेधशाळेच्या ३.६ मीटर दुर्बिणीवरील हार्प्स या वर्णपटमापकाने ही हालचाल पकडली. वेग सेकंदाला सुमारे १.४ मीटर, माणसाच्या चालण्याइतका. २०१६ च्या जानेवारी ते मार्चमध्ये जवळजवळ रोज रात्री वेध घेतले गेले, कारण सलग नोंदी नसतील तर खोटी आवर्तने उगवतात. ग्रहाची फेरी ११.२ दिवसांची निघाली. ताऱ्याला स्वतःभोवती फिरायला सुमारे ८३ दिवस लागतात. दोन्ही कालावधी एवढे वेगळे असल्यामुळे ताऱ्यावरचा डाग ग्रह समजून बसण्याची भीती कमी झाली.

हा ग्रह ताऱ्यापासून ०.०४८५ एककांवर आहे. ०.००१५५ भागिले या अंतराचा वर्ग केले की पृथ्वीच्या ६५ टक्के ऊब येते. वातावरण नसेल तर सरासरी तापमान उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास. हे वाचून घाबरू नये, कारण याच हिशेबाने पृथ्वीचे तापमान उणे १८ येते. उरलेली ऊब हरितगृह वायू देतात.

बातम्यांत त्याचे वस्तुमान ‘पृथ्वीच्या १.१ पट’ असे छापतात. तो किमान आकडा आहे. वर्णपटातून फक्त आपल्या दिशेने होणारी हालचाल कळते. कक्षा आपल्याकडे कडेने आहे की तिरकी, हे कळत नाही. ती ६० अंश तिरकी असेल तर खरे वस्तुमान दुप्पट. भूमितीने पाहिले तर खरे वस्तुमान या किमान आकड्याच्या दुपटीच्या आत असण्याची शक्यता ८७ टक्के आहे, म्हणून ग्रह खडकाळ असावा हा अंदाज वाजवी ठरतो. नेमके वस्तुमान आणि आकार कळले असते, जर ग्रह ताऱ्यासमोरून जाताना दिसला असता. तशी शक्यता मुळात दीड टक्का होती. शोध घेतला, तसे अधिक्रमण सापडले नाही.

२०२२ मध्ये ‘प्रॉक्सिमा डी’ची भर पडली. झुआँव फारिया यांच्या गटाने व्हेरी लार्ज टेलिस्कोपवरच्या एस्प्रेसो या उपकरणाने तो पकडला: फेरी ५.१ दिवसांची, किमान वस्तुमान पृथ्वीच्या पावपट, ताऱ्याची हालचाल सेकंदाला फक्त ४० सेंटिमीटर. तो पट्ट्याच्या आत, म्हणजे जास्त गरम बाजूला आहे. दीड एककावरच्या ‘प्रॉक्सिमा सी’चा दावा मात्र वादात अडकला आहे.

आता गैरसोयी. लाल बटू तारा तरुणपणी आजच्यापेक्षा कितीतरी तेजस्वी असतो. प्रॉक्सिमाला आजच्या शांत तेजापर्यंत उतरायला कोट्यवधी वर्षे लागली आणि त्या काळात हा ग्रह पट्ट्याच्या आत भाजत होता. त्याच्या पाण्याचा मोठा भाग वाफ होऊन, फुटून, हायड्रोजनच्या रूपात निसटला असेल. दुसरे, ज्वाला. मार्च २०१६ मध्ये प्रॉक्सिमावरच्या एका महाज्वालेने त्याचे दृश्य तेज सुमारे ६८ पट वाढवले. एरवी ११ प्रतीचा तारा क्षणभर नुसत्या डोळ्यांना दिसण्याच्या उंबरठ्यावर आला. मे २०१९ मधल्या एका ज्वालेत तर अतिनील प्रकाश काही सेकंदांत १४,००० पट वाढला. एरवीही या ग्रहावर पडणारे क्ष-किरण आणि तीव्र अतिनील किरण पृथ्वीच्या तुलनेत ३० पटींच्या आसपास आहेत. हे किरण वातावरणाचे वरचे थर तापवतात, तापलेला वायू निसटतो आणि ताऱ्याचा वारा तो ओढून नेतो. ग्रहाचे चुंबकीय क्षेत्र दणकट असेल तर बचाव काही प्रमाणात होईल. तिसरे, एवढ्या जवळ ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहण्याची शक्यता मोठी आहे. हे तितकेसे वाईट नाही. हवा पुरेशी दाट असेल तर ती उष्णता दुसऱ्या बाजूला नेते. सगळे येऊन ठेपते ते हवा उरली आहे का, या एकाच प्रश्नावर.

ए आणि बी भोवती शोध का अडतो

पृथ्वीएवढा ग्रह बी ला सेकंदाला ११ सेंटिमीटर हलवेल, ए ला ८ सेंटिमीटर. ताऱ्याच्या पृष्ठभागावर उकळणारे वायूचे बुडबुडे आणि डाग मात्र सेकंदाला मीटरभर गोंधळ घालतात. शिवाय ए आणि बी आकाशात इतके जवळ आहेत की एकाचा उजेड दुसऱ्याच्या वर्णपटात सांडतो. २०१५-१६ मध्ये दोघांमधले दिसणारे अंतर चार विकलांपर्यंत (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) खाली आले होते, तेव्हा हा त्रास कळसाला पोचला.

या गोंधळात काय चुकू शकते, याचा नमुना इथेच घडला. २०१२ मध्ये बी भोवती ३.२४ दिवसांत फिरणारा पृथ्वीएवढा ग्रह जाहीर झाला. चार वर्षांच्या साडेचारशेहून जास्त नोंदी होत्या आणि ताऱ्याची हालचाल निघाली सेकंदाला ५१ सेंटिमीटर. त्यासाठी आधी ताऱ्यावरची खळबळ अनेक पदांच्या सूत्राने वजा केली होती. तीन वर्षांनी विनेश राजपॉल आणि सहकाऱ्यांनी एक साधी चाचणी केली: ग्रह नसलेल्या ताऱ्याची बनावट नोंद संगणकात तयार केली, ती नेमक्या त्याच तारखांना ‘मोजली’ आणि तीच प्रक्रिया लावली. ३.२४ दिवसांचा ग्रह तिथेही उगवला. तो संकेत ताऱ्यात नव्हताच, वेधांच्या वेळापत्रकात होता. ग्रह यादीतून गेला. अशा कुठल्याही दाव्याला हीच कसोटी आधी लावून पाहावी. आज खात्रीने एवढेच सांगता येते की बी च्या पट्ट्यात पृथ्वीच्या साधारण आठपटीहून जड ग्रह असता, तर तो एव्हाना दिसला असता. त्याहून हलक्यांना मैदान मोकळे आहे.

दुसरा मार्ग थेट छायाचित्राचा, आणि इथे जवळपणाचा मोठा फायदा मिळतो. या अंतरावर एक खगोलीय एकक म्हणजे पाऊण विकला. ए च्या पट्ट्यातला ग्रह ताऱ्यापासून साधारण एक ते दीड विकला दूर दिसेल. मोठ्या दुर्बिणीला हे झेपते. अडचण चकाकीची. दृश्य प्रकाशात पृथ्वी सूर्यापेक्षा सुमारे १० अब्ज पट मंद असते. १० मायक्रॉनच्या अवरक्त प्रकाशात, जिथे ग्रह स्वतःच्या उष्णतेने चमकतो, हे प्रमाण काही दशलक्षांवर येते. म्हणून शोध अवरक्तात घेतात आणि ताऱ्याचा उजेड करोनाग्राफ या अडथळ्याने दाबतात. इथे दोन ताऱ्यांचा उजेड हटवावा लागतो, कारण शेजारी बी चमकत असतो आणि त्याच्यासाठी अडथळा नसतो. त्याची चकाकी दुसऱ्या एका ताऱ्याच्या चित्रांवरून मोजून वजा करावी लागते.

ऑगस्ट २०२४ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने याच पद्धतीने १५.५ मायक्रॉनवर ए पासून दीड विकलांवर एक मंद ठिपका टिपला. चार्ल्स बाइकमन आणि अनिकेत संघी यांच्या गटांनी वर्षभराने तो जाहीर केला. तो ग्रह असेल तर आकार गुरूएवढा, वस्तुमान शनीच्या आसपास, तापमान सुमारे २२५ केल्विन, आणि ए पासूनचे अंतर एक ते दोन एककांच्या दरम्यान बदलणारे. फेब्रुवारी आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा पाहिले, तेव्हा ठिपका नव्हता. गटाने लाखो संभाव्य कक्षा तपासल्या. त्यांतल्या निम्म्या कक्षांत ग्रह त्या दोन्ही तारखांना ताऱ्याच्या इतका जवळ असता की दिसलाच नसता. त्यामुळे तो आहे असेही म्हणता येत नाही, नाही असेही नाही.

समजा, आहे. मग ए बद्दलची आशा जवळजवळ संपते. शनीएवढा ग्रह लांबट कक्षेत ए चा जवळजवळ पूर्ण पट्टा आडवा कापत असेल, तर तिथे पृथ्वीसारखा ग्रह टिकणार नाही. ‘त्या वायुग्रहाला वासयोग्य चंद्र असेल’ ही कल्पना आकर्षक आहे खरी, पण आपल्या सूर्यमालेत मोठ्या ग्रहांच्या चंद्रांचे एकूण वस्तुमान ग्रहाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असते. पृथ्वीच्या शंभरपट ग्रहाला याच प्रमाणात मिळेल तो आपल्या चंद्राएवढा गोळा, आणि त्या उबेत तो हवा धरून ठेवू शकणार नाही. मात्र या ग्रहाने एक गोष्ट सिद्ध होईल: एवढ्या जवळच्या जोडीतही ग्रह घडतात. म्हणजे ए चे नुकसान हाच बी चा फायदा. माझ्या मते या व्यवस्थेत पैज लावायचीच तर बी वर लावावी: शांत तारा, पट्ट्याबाहेर भरपूर स्थिर जागा, तेजही फार संथपणे वाढणारे, आणि ग्रहाची ओढ ए पेक्षा थोडी ठळक.

यापुढची वाट मोजपट्टीची आहे. ग्रह ताऱ्याला आकाशात आडवाही हलवतो. ए भोवतीची पृथ्वी त्याला एका विकलेच्या सुमारे अडीच दशलक्षांशाने हलवेल. एरवी एवढे मोजायला दूरच्या मंद ताऱ्यांचा आधार घ्यावा लागतो, पण इथे शेजारीच दुसरा तेजस्वी तारा आहे. ए आणि बी मधले अंतरच सतत मोजत राहायचे. सिडनी विद्यापीठातल्या पीटर टटहिल यांच्या गटाची टोलिमान ही छोटी अवकाश दुर्बीण याच एका कामासाठी आहे. तिला एक मर्यादा राहील: अंतर बदलले तर ग्रह ए चा की बी चा, हे केवळ त्यावरून सांगता येणार नाही, ते फेरीच्या कालावधीवरून आणि वर्णपटाच्या जोडीने ठरवावे लागेल. थेट चित्रांसाठी चिलीत उभी राहत असलेली ३९ मीटरची एक्स्ट्रीमली लार्ज टेलिस्कोप आणि तिच्यावरचे मेटिस हे अवरक्त उपकरण यांची वाट पाहणे आले.

महाराष्ट्रातून पाहायचे असेल तर

मित्र आपल्याकडून दिसतो, फक्त फार खाली. त्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर, दक्षिण ६०.८ अंश. ९० मधून आपले अक्षांश आणि ही क्रांती वजा केली की क्षितिजावरची सर्वाधिक उंची मिळते: नागपुरात ८ अंश, मुंबईत १०, पुण्यात साडेदहा, कोल्हापुरात साडेबारा, पणजीत जवळजवळ १४. मेच्या मध्यावर तो रात्री पावणेबाराच्या सुमारास बरोबर दक्षिणेला असतो, मेअखेर पावणेअकराला. जूनच्या मध्यावर ही वेळ पावणेदहा होते, पण तोवर ढग आलेले असतात. त्याच्या उजवीकडचा तेजस्वी तारा मित्रक आणि या दोघांची रेषा आणखी उजवीकडे नेली की त्रिशंकू.

दक्षिणेचे क्षितिज मोकळे हवे; समुद्रकिनारा किंवा सड्याची कड उत्तम. एवढ्या खाली हवा मित्राचे तेज एक-दीड प्रतीने खाते, त्यामुळे आकाशातला तिसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा अपेक्षेपेक्षा फिका वाटला तर नवल नाही. ए आणि बी मधले दिसणारे अंतर सध्या ८ ते १० विकला आहे. ७० किंवा ८० मिलिमीटरची दुर्बीण आणि ८० ते १०० पट विशालन पुरते, पण क्षितिजाजवळची हवा उकळत असते. म्हणून तारा नेमका दक्षिणेला असताना पाहावे, दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवावी आणि चित्र स्थिर होईल त्या क्षणाची वाट पाहावी. प्रॉक्सिमा या जोडीपासून दोन अंशांहून थोडा जास्त दूर, त्याहूनही खाली आणि ११ प्रतीचा आहे. महाराष्ट्रातून त्याचा नाद सोडलेला बरा.